वन-टू-थ्री, फाईव्ह-सिक्स-सेव्हन

मंडळी, साल्सा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? झगमगीत दिवे, चकचकीत फरशी, कोरेगाव पार्कातला एखादा महागडा पब, आणि "आपलं काम नाही बुवा ते" असा एक सूर. शनिवारी संध्याकाळी साल्साच्या क्लासला जातो असं ऑफिसात सांगितल्यावर मला मिळालेली पहिली प्रतिक्रिया अशीच होती : "काय साहेब, एकदम हाय-फाय झालात!"

आता गंमत बघा. हा नाच हाय-फाय लोकांनी जन्माला घातलाच नाही. तो घडला उसाच्या मळ्यात, बंदराच्या गोदीत आणि परक्या शहरातल्या कामगारवस्त्यांमध्ये. तसं बघितलं तर तो शिकायला पिंपरी-चिंचवडसारखं दुसरं गाव नाही! कसं ते सांगतो. जरा लांबण लागेल, पण आज शनिवार आहे आणि डेडलाईन सोमवारची आहे :)

आधी नाच म्हणजे नेमकं काय ते सांगून टाकतो. आठ मोजायचे. एकला डावं पाऊल पुढे, दोनला उजवं जागच्या जागी, तीनला डावं परत. चारला काही नाही. पाचला उजवं मागे, सहाला डावं जागच्या जागी, सातला उजवं परत. आठला काही नाही. झाला बेसिक! समोरची व्यक्ती ह्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी पावलं टाकते. एकजण दिशा देतो, दुसरा ती ओळखून उत्तर देतो. बोलायचं काही नाही, सगळा निरोप तळहातातून आणि खांद्यातून. पुढचे सगळे गिरकीचे आणि हात गुंतवायचे प्रकार ह्या सहा पावलांवरच उभे आहेत.

ज्यांनी मराठी शाळेच्या मैदानावर लेझीम केलीय त्यांना हे मोजणं अजिबात जड जात नाही. केरव्याच्या आठ मात्रा तर आपल्या कानात लहानपणापासून असतात. जड जातात ते चार आणि आठ, म्हणजे थांबणं. नवीन माणूस हमखास चारला एक जास्तीचं पाऊल टाकतो. आमचे सर म्हणतात, साल्सा शिकायचा म्हणजे रिकामी मात्रा रिकामी ठेवायला शिकायचं.

पण खरी मेख पावलांत नाहीच, ती टाळीत आहे. ह्या संगीताच्या मुळाशी 'क्लावे' नावाचा एक ठेका असतो. इंजिनियर मंडळींसाठी सोपं करून सांगतो. सोळा घरं आखा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या घरात टाळी द्या :

टा - - टा - - टा - | - - टा - टा - - -

पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्यात दोन. वाजवून बघा. (केबिनमध्ये साहेब असतील तर मनातल्या मनात.) पहिल्या अर्ध्याचं गणित म्हणजे आठ लाडू तिघांत शक्य तितके समान वाटणं : तीन, तीन, दोन. गॉडफ्रीड तूसां नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दाखवून दिलं की मसावि काढायची युक्लिडची जी रीत आपण शाळेत शिकलो, तिच्यातून असे पारंपरिक ठेके आपोआप बाहेर पडतात. दुसरा अर्धा मात्र हा समतोल मुद्दाम मोडतो. एक प्रश्न विचारतो, दुसरा उत्तर देतो, आणि त्या ओढाताणीमुळे पाय स्वस्थ बसत नाहीत. पियानो, बास, ढोल, गाणारा, सगळे ह्या ठेक्याशी बांधलेले. कधीकधी तर क्लावे प्रत्यक्ष वाजतही नाही, तरी सगळे तो मनात धरून चालतात. सर्किटमधल्या क्लॉक सिग्नलसारखं.

क्लावे हे वाद्याचंही नाव. वाद्य म्हणजे काय, तर एकमेकांवर आपटायच्या दोन लाकडी दांड्या, आपल्या टिपऱ्यांच्या नात्यातल्या. फर्नांदो ऑर्तिझ ह्या क्युबन अभ्यासकाच्या मते ह्या दांड्या मुळात जहाजबांधणीतल्या. हवानाच्या गोदीत फळ्या जोडायला टणक लाकडाच्या खुंट्या वापरत. काम करताना त्या एकमेकींवर आपटल्या, खणखणीत आवाज आला, आणि कुणीतरी त्यावर ताल धरला. बाकीच्या वाद्यांचीही हीच कथा. मालाची खोकी उलटी करून त्यावर बसून वाजवली, त्याचा झाला 'काहोन'. तेलाच्या मातीच्या बुधल्यात फुंकर मारून बास काढला. गुरांच्या गळ्यातली घंटा काढून काठीने बडवली. थोडक्यात काय, कंपनीच्या स्क्रॅप यार्डातून उभा राहिलेला ऑर्केस्ट्रा!

हे का करावं लागलं, तर त्याला कारण साखर.

१७९१ मध्ये हैतीत (तेव्हाचं फ्रेंच सां-दोमांग) गुलामांनी उठाव केला आणि जगातली सर्वात मोठी साखरेची वसाहत कोसळली. तो धंदा शेजारच्या क्युबाकडे गेला. पळून आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांबरोबर आणि त्यांच्या माणसांबरोबर जोडीने नाचायचे युरोपीय प्रकारही आले. ऊस वाढला तसे आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. गुलामांच्या व्यापाराच्या सगळ्या काळात मिळून क्युबात सात-आठ लाख माणसं आणली गेली, त्यातली बहुतेक एकोणिसाव्या शतकात. गुलामगिरी तिथे कायद्याने संपली ती थेट १८८६ मध्ये. म्हणजे आपल्याकडे महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहून (१८७३) तेरा वर्षं झाल्यावर. फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं, हे आठवत असेलच.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर मॉरिशसकडे बघा. तिथल्या ब्रिटिश वसाहतीत गुलामगिरी संपत असताना १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर नेले गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि कोकणातल्या जाखडीशी नातं सांगणारी 'झाकरी' नाचतात. ऊस तोडून थकलेला माणूस संध्याकाळी नाचतो, मग तो क्युबातला असो की मॉरिशसमधला. आपले बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपला की परततात. क्युबातही तोडणीच्या हंगामाला 'साफ्रा' हे नाव आहे आणि नंतरच्या रिकाम्या महिन्यांना 'मेलेला काळ' असंच म्हणत. बेनी मोरे हा क्युबाचा लाडका गायक. त्याने पोरसवदा वयात साखर कारखान्याच्या फडावर ऊस तोडलेला आहे.

तर, ह्या मळ्यांच्या मुलखात, क्युबाच्या पूर्व भागात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'सोन' नावाचं गाणं तयार झालं. स्पॅनिश शेतकऱ्याची गिटार आणि आफ्रिकन माणसाचा बोंगो एका ताटात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हवानात पोचलं. १९३० मध्ये दोन आस्पियासूच्या बँडने ते न्यूयॉर्कला नेलं आणि शेंगदाणेवाल्याच्या हाळीवरून केलेलं 'एल मानिसेरो' हे गाणं अमेरिकाभर गाजलं. साल्साचा आजोबा हाच.

आता एक मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. आमच्या ग्रुपला रविवारी सकाळी दोन तास सरावाला जागा हवी होती. एका सोसायटीच्या कम्युनिटी हॉलसाठी अर्ज केला. भाडं द्यायला तयार होतो. उत्तर आलं, "मुलामुलींनी हात धरून नाचायचं असलं काही आपल्या संस्कृतीत बसत नाही." गणपतीत त्याच हॉलबाहेर डीजे लावून पहाटेपर्यंत जे चालतं ते बसतं, पण ते असो.

ह्या वाक्याला फार जुना इतिहास आहे. १ जानेवारी १८७९ रोजी क्युबातल्या मातांसास गावी मिगेल फाईल्दे ह्या संगीतकाराने 'दान्सोन' हा नवा नाच सादर केला. आज ऐकाल तर एखाद्या लग्नातलं सभ्य बँड संगीत वाटेल. पण तेव्हाच्या प्रतिष्ठित मंडळींनी ओरड केली की हे अश्लील आहे, ह्यात काळ्यांचे ढोल आहेत, जोड्या फार जवळ येतात. पुढे हाच दान्सोन क्युबाचा राष्ट्रीय नाच मानला गेला. सोनच्या आणि रुंबाच्या ढोलांवरही बंद्या आल्या, पोलिसांनी वाद्यं जप्त केली. आणि २०१६ मध्ये युनेस्कोने त्याच रुंबाला जागतिक वारशाच्या यादीत बसवलं.

आपण तरी कुठे वेगळे? स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्याच्या सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आणली होती. पुढे अटी घालून ती उठली. आज लावणी ही महाराष्ट्राची शान म्हणून सरकारी कार्यक्रमात पहिल्या नंबरला असते. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. कष्टकऱ्यांचा नाच असला की तो आधी असभ्य असतो, आणि दोन पिढ्या गेल्या की परंपरा होतो. मधल्या काळात तो ज्यांनी जिवंत ठेवला त्यांना मात्र शिव्याच मिळालेल्या असतात.

बरं, क्युबातून पुढे काय? दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तो रिकोहून माणसं लाखांनी न्यूयॉर्कला आली. शिवणकामाच्या फॅक्टऱ्या, हॉटेलांची स्वयंपाकघरं, गोदी, मिळेल ते काम. आपल्याकडे पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, आणि उभ्या महाराष्ट्रातून माणसं इथे आली, तशातलीच गोष्ट. एक खोली, चार जण, पाळ्या लावून झोपणं. आमच्या बाबांनी ते दिवस काढलेत. ते तीस वर्षं इथल्या एका कंपनीत मशीन शॉपला होते. सुट्टीच्या दिवशी काय करायचात असं विचारलं तर म्हणतात, "झोपायचो. आणि भजनी मंडळ."

न्यूयॉर्कच्या त्या लोकांचं भजनी मंडळ म्हणजे 'पॅलेडियम बॉलरूम'. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६६ पर्यंत तिथे मांबो चालला. माचितो, तितो पुएंते आणि तितो रोद्रिगेस ह्यांचे तीन बँड आणि रात्रभर नाच. तिथे काळे, गोरे, ज्यू, इटालियन, पोर्तो रिकन सगळे एकाच फरशीवर नाचत. अमेरिकेत वंशभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा व्हायला (१९६४) तेव्हा अजून कित्येक वर्षं होती! तिथली सर्वात गाजलेली जोडी म्हणजे पेद्रो आगिलार (टोपणनाव 'क्युबन पीट', माणूस पोर्तो रिकोचा!) आणि इटालियन घरातली मिली डोने. बाहेर ज्यांनी एकमेकांच्या वस्तीत पाऊल टाकलं नसतं, ते आत हातात हात घालून नाचत होते.

१९५९ मध्ये क्युबात क्रांती झाली. १९६२ पासून अमेरिकेने क्युबाची पूर्ण नाकेबंदी केली आणि तिथून नवीन संगीत येणं जवळजवळ थांबलं. मग न्यूयॉर्कच्या पोरांनी जुन्या क्युबन चालींत आपल्या गल्लीचा खरखरीत आवाज मिसळला. १९६४ मध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मासुच्ची ह्या दोघांनी 'फानिया' ही रेकॉर्ड कंपनी काढली. सुरुवातीला गाडीच्या डिकीतून रेकॉर्डी विकायचे. (गॅरेज स्टार्टअपचा शोध आयटीवाल्यांनी लावला असं कोण म्हणतं?) ह्या सगळ्या मालाला सत्तरच्या दशकात जे लेबल चिकटलं ते 'साल्सा'. शब्दाचा अर्थ सॉस, मराठीत रस्सा म्हणा हवं तर. तितो पुएंते ह्या नावावर वैतागायचा. साल्सा आपण खातो, वाजवत नाही, असं त्याचं म्हणणं.

ह्याच सुमारास तिथे सेलिया क्रूस होती. हवानाची, १९२५ चा जन्म. १९६० मध्ये बँडबरोबर क्युबाबाहेर पडली. १९६२ मध्ये आई गेली तेव्हा अंत्यसंस्काराला जायची परवानगी तिला मिळाली नाही. स्टेजवर तिची एक आरोळी ठरलेली असे : "आसूकार!" म्हणजे साखर. मायामीच्या हॉटेलात वेटरने कॉफीत साखर हवी का विचारलं, त्यावरून हा विनोद सुरू झाला असं ती सांगायची. पण तिच्या पूर्वजांचा इतिहास माहीत असला की त्या आरोळीत अंगावर काटा आणणारंही काहीतरी ऐकू येतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आपल्या मराठी माणसाचा ह्यात संबंध काय? आहे की! आणि तोही थोडाथोडका नाही.

भगवान आभाजी पालव, जन्म १९१३, अमरावती. वडील गिरणी कामगार, स्वतःही मजुरी केलेली. सिनेमाच्या वेडापायी नट झाला, मग दिग्दर्शक. १९५१ मध्ये त्याने 'अलबेला' काढला. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांच्या साथीला चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो शावियर वाझ, हळदोणे, गोवा. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवणारा हा गोंयकार जॅझ आणि लॅटिन ठेके कोळून प्यायलेला होता. 'शोला जो भडके' पुन्हा एकदा ऐका. बोंगो आहे, माराकास आहे. चिक आणि त्याचा बँड झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून ह्या सिनेमाच्या पडद्यावरही दिसतो. त्याच्या आदल्याच वर्षी 'समाधी'मध्ये सी. रामचंद्रांनी 'गोरे गोरे ओ बांके छोरे' दिलं होतं, त्याची चाल 'चिको चिको' ह्या पोर्तो रिकोच्या नावाने गायल्या गेलेल्या लॅटिन ढंगाच्या गाण्यावरून घेतलेली. म्हणजे पॅलेडियममध्ये मांबो रंगात असताना इकडे दादर-परळच्या पोरांच्या पायांपर्यंत त्याचा चुलतभाऊ पोचला होता.

भगवानदादांचा नाच आठवा. कोपरात वाकवलेले हात, इवलीइवली पावलं, आणि बाकी सगळं काम खांद्यांचं आणि कमरेचं. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅफिक जाममध्ये अडकलेला कुठलाही मराठी माणूस नेमका तोच नाच करतो. साल्साचाही पहिला धडा तोच : पाऊल लहान ठेवा, कारण फरशीवर गर्दी आहे. अलबेलाने दादांना बंगला दिला, गाड्या दिल्या. पुढच्या अपयशांनी सगळं नेलं. २००२ मध्ये ते गेले ते दादरच्या चाळीतल्या घरात. आमच्या बाबांना साल्सा म्हणजे थेरं वाटतात, पण 'शोला जो भडके' लागलं की त्यांच्या बोटांचा टेबलावर ठेका सुरू होतो. मी त्यांना एवढंच म्हणतो, बाबा, तुम्ही वाजवताय ते आमच्या क्लासमधलंच आहे.

शेवटचा धागा आपल्या चाकणचा. साल्साची राजधानी आज कोलंबियातलं काली शहर समजलं जातं. का? तर पुन्हा तेच. कालीच्या आजूबाजूला उसाचे मळे आणि साखर कारखाने, जवळ बुएनाव्हेंतुरा बंदर, आणि खलाशांच्या पिशव्यांतून आलेल्या रेकॉर्डी. तिथल्या पोरांना न्यूयॉर्कचा ठेका संथ वाटला म्हणे, म्हणून ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर लावून ती नाचली. त्यातून काली पद्धतीचं ते झपाट्याचं पदलालित्य आलं. आणि कोलंबियाच्या रस्त्यांवर आज मोटारसायकली कुठल्या दिसतात? बजाजच्या! २००१ मध्ये आलेली आणि चाकणच्या प्लान्टमध्ये बनत आलेली पल्सर तिथे भलतीच लोकप्रिय आहे. म्हणजे चाकणहून काली आणि कालीहून चिंचवड असा आपला आयात-निर्यात व्यवहार चोख आहे :)

आमच्या बॅचमध्ये कोण आहे सांगू? हिंजवडीचे आम्ही चार-पाच आयटीवाले, चाकणच्या कंपनीतला एक क्वालिटी इन्स्पेक्टर (सेकंड शिफ्ट असली की त्याची दांडी), एक नर्स, एक बँकवाल्या ताई, डिप्लोमा करून ट्रेनी लागलेला लातूरचा एक मुलगा. दर तीन-चार मिनिटांनी सर ओरडतात, "चेंज!" आणि सगळ्यांनी पुढच्या माणसाकडे सरकायचं. नको असेल तर नाही म्हणायचं, कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही. आठ महिने झाले, कुणी कुणाचं आडनाव विचारलेलं नाही. ज्या शहरात खोली भाड्याने घेतानाही पहिला प्रश्न आडनावाचा असतो, तिथे ही गोष्ट मला कुठल्याही गिरकीपेक्षा अवघड आणि मोलाची वाटते.

त्यामुळे "आपल्या संस्कृतीत बसत नाही" ह्याला माझं उत्तर सरळ आहे. घरदार सोडून पोटामागे आलेली माणसं, आठवडाभर दुसऱ्याच्या घड्याळावर राबतात आणि एका संध्याकाळी स्वतःच्या तालावर उभी राहतात. ही संस्कृती पिंपरी-चिंचवडची नसेल तर मग कुणाची?

असो. बरंच लिहिलं. सोमवारी कंपनीच्या बसमध्ये खिडकीच्या दांड्यावर तो तीन-दोनचा ठेका एकदा वाजवून बघा. शेजारच्याचा पाय हलला तर समजा, झाली बॅच सुरू!